शोलाकिळीला कळू न देता
(भाच्याला आत्याचे कानमंत्र)

उटीला निघालायस आणि शोलाकिळीचा फोटो हवाय म्हणतोस, तर आधी एक कसोटी ऐकून ठेव. फोटो काढून झाल्यावर पाखरू होतं तिथेच असेल आणि करत होतं तेच करत असेल, तर फोटो जमला. ते उडून गेलं, गाता गाता थांबलं किंवा चिडून तुझ्याच दिशेने आलं, तर चित्र कितीही देखणं असो, फोटो फसला समज. पुढचं सगळं या एका कसोटीतूनच निघतं.

पाखरू आधी, कॅमेरा नंतर

चिमणीएवढं, लांब पायांचं, बहुतेक वेळ जमिनीलगत वावरणारं हे पाखरू. पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे तू जातोयस तिकडे, निलगिरी शोलाकिळी असते. पाठ आणि छाती निळी, कुशी तांबूस, पोट पांढरं. खिंडीच्या दक्षिणेला अण्णामलै-पळणीच्या डोंगरांत तिची बहीण, पांढऱ्या पोटाची शोलाकिळी. तिच्या कुशीला तांबूस रंग नाही आणि भुवई जास्त ठळक. जर्डन या पक्षी-अभ्यासकाने निलगिरीतल्या पाखराचं वर्णन १८४१ साली केलं, पण शास्त्रज्ञ या दोघींना कधी या गटात, कधी त्या गटात बसवत राहिले. २०१७ साली जनुकं तपासल्यावर त्यांचा ‘शोलिकोला’ हा स्वतंत्र गट ठरला. पश्चिम घाटाचे हे दक्षिणेकडचे माथे सोडले तर जगात त्या कुठेही नाहीत. तेव्हा ‘इथे नाही मिळाली तर दुसरीकडे बघू’ ही सोय या पाखराच्या बाबतीत नाही.

जंगल वाचायला शीक

डोंगराच्या घळीत, ओढ्याच्या आसऱ्याने वाढलेलं बुटकं, सदाहरित, शेवाळाने मढलेलं जंगल म्हणजे शोला. भोवती उघडी गवताळ कुरणं. इंग्रजांच्या काळापासून या डोंगरांवर चहा लागला, मग निलगिरी आणि वॅटलची झाडं लागली. शोलांचे तुकडे पडले. सावली सोडून उघड्यावर न येणाऱ्या पाखराला मधला चहाचा मळा ओलांडणं अवघड जातं. २०२० च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचा निर्देशांक २००० सालापासून जवळजवळ ७५ टक्क्यांनी घसरल्याचं दिसतं. निलगिरी शोलाकिळी तर धोक्यात आलेल्या जातींत मोडते.

याचा तुझ्या कामाशी संबंध असा: हिरवंगार दिसतं म्हणून निलगिरीच्या झाडांच्या लागवडीत सकाळ घालवू नकोस. खाली ओल्या पालापाचोळ्याचा थर, कारवीच्या कुळातली झुडपं, कुजके ओंडके आणि जवळ पाण्याचा आवाज, अशी जागा शोध. पाखरू तिथेच पानं उलथून किडे वेचतं.

पहाट आणि तिन्हीसांज

दिवसभर ते झुडपात असतं. वाटेच्या कडेला येतं ते उजाडताना आणि अंधारताना. एप्रिल-मे महिन्यांत, वळवाचे पाऊस पडून गेलेले आणि मोसमी पाऊस यायचा असतो तेव्हा, गाणं जास्त ऐकू येतं. बारीक, उंच शिट्ट्यांची लांब साखळी आणि मध्येच खरखर. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेव. गाणं कुठून येतं, पाखरू कोणत्या ओंडक्यावर थांबतं, वाट कुठे ओलांडतं, एवढंच वहीत लिही. त्याची वाट ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी तू त्याच्या आधी तिथे बसलेला हवास.

बसायचं कसं

पाठलाग करू नकोस. तू एक पाऊल पुढे टाकलंस की ते झुडपात चार हात आत जातं. वाटेवरच जमिनीवर बस, पाठीमागे मोकळं आभाळ येईल अशा बेताने. त्याचा डोळा काळा आणि डोळ्यापुढचा पट्टाही काळा, त्यामुळे डोळ्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर चेहरा आंधळा दिसतो. तुझ्यामागच्या मोकळ्या आभाळातून तो ठिपका मिळतो. लेन्स जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेव. डाळ भरलेली कापडी पिशवी खाली घेतलीस की तिपाईची खुडबूड नको. रंगीत जाकीट नको, अत्तर नको आणि मित्रांचा घोळका तर मुळीच नको.

उजेड नसतोच, हे धरून चाल

शोलाच्या आत सकाळी सातलाही संध्याकाळ असते. एफ-४ ची लेन्स असेल तर पूर्ण उघडी ठेव. आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत जाऊ दे. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो कोणी सुधारू शकत नाही. हे पाखरू दोन उड्या मारून थबकतं, मान कलती करतं, पुन्हा उड्या मारतं. थबकतं त्या क्षणी १/१२५ किंवा त्याहूनही कमी वेगाचं शटर चालतं. चार-पाच फ्रेमचा छोटा बर्स्ट घे, त्यातली एक तरी स्थिर निघते. गाताना मात्र गळा थरथरतो, तेव्हा १/२५० च्या खाली उतरू नकोस.

गडद पाखरू, गडद पार्श्वभूमी. कॅमेरा फसतो आणि सगळं उजळ करायला बघतो. त्यात पांढरं पोट जळून जातं. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी कर, म्हणजे पोटाची पिसंही राहतील आणि शटरचा वेगही वाढेल. रॉ मध्येच काढ, कारण पानांतून गाळून आलेल्या उजेडाने निळा रंग हिरवट होतो आणि तो नंतर दुरुस्त करावा लागतो. शटर आवाज न करणारं निवड. फ्लॅश घरीच ठेव.

गाणं वाजवून बोलावू नकोस

वाटाड्या म्हणेल, ‘मोबाइलवर गाणं लावतो, दोन मिनिटांत समोर येईल.’ येईलही. पण परका नर आपल्या हद्दीत शिरलाय असं समजून येईल, चारा-पाणी सोडून येईल. शिवाय व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीचा अभ्यास केला, त्यात डोंगरागणिक गाणं बदलतं असं दिसलं. म्हणजे मोबाइलमधलं गाणं बहुधा दुसऱ्याच डोंगराचं. एकाच तुकड्यात जेमतेम काही जोड्या उरल्या असतील, आणि रोज नवा पाहुणा तेच गाणं लावत असेल, तर त्या जोड्यांनी पिल्लं कधी वाढवायची? अळ्या टाकून पाखराला ठरावीक दगडावर आणायची युक्तीही नको. आधी पैसे ठरवतानाच वाटाड्याला दोन्ही गोष्टी स्पष्ट सांग, म्हणजे जागेवर वाद होत नाही.

घरटं दिसलं तर ऊठ

वाटेकडेच्या दरडीतल्या खोबणीत किंवा झाडाच्या पोकळीत शेवाळ आणि बारीक मुळ्या लावून घरटं केलेलं असतं. तुला ते दिसेलच असं नाही. पण पाखरू चोचीत किडे धरून एकाच जागी अस्वस्थ उड्या मारतंय आणि आत जात नाहीये, तर घरटं तुझ्या अगदी जवळ आहे. फोटो न काढता मागे सरक. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच घातलेलं आहे, हेही ध्यानात असू दे. अभयारण्यात फोटोसाठी जायचं तर त्याच कायद्याने परवाना लागतो. कुंपण ओलांडून आत गेलास तर माझं नाव सांगू नकोस.

अंगाची आणि सामानाची काळजी

निलगिरीत बाहेरच्या गाडीला २०२४ पासून ई-पास लागतो, तो निघण्याआधी काढ. पाऊस पडून गेला असेल तर जळवा असतात. पँट मोज्यांत खोच, आणि चिकटलेली जळू नखाने सरकवून काढ. मिठाचा मारा जमिनीवर करू नकोस, त्याच पाचोळ्यात पाखराचं जेवण आहे. गवे पहाटे वाटेवर आणि चहाच्या मळ्यांत फिरतात. बसण्याआधी आजूबाजूला बघून घे, मागे निसटायची वाट ठेव, आणि गवा दिसला तर त्या दिवसाचा फोटो सोडून दे. गारठ्यातून आल्यावर कॅमेरा उबदार खोलीत लगेच बॅगेबाहेर काढू नकोस. तासभर तसाच राहू दे, नाहीतर काचेवर दव धरतं.

परतल्यावरचं काम

फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नकोस. ‘निलगिरी’ एवढं पुरे. वनखात्याच्या माणसाला मात्र जागा जरूर सांग. एक फोटो पाखराचा टाकलास तर एक त्याच्या जंगलाचाही टाक. नुसतं निळं पाखरू पाहून शोला वाचवावा असं कोणाला वाटायचं नाही.

आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भर. पाखरू दिसलं नाही, गाणंही ऐकू आलं नाही, तरी त्या सकाळची पूर्ण यादी भर: वेळ, अंतर, दिसलेले बाकीचे सगळे पक्षी. कमी होत चाललेल्या पाखराच्या बाबतीत ‘आज इथे नव्हतं’ ही नोंदसुद्धा तुझ्या सगळ्यात सुंदर फोटोइतकी कामाची आहे. पुढच्या वर्षी नव्या जागेचा हव्यास न धरता त्याच वाटेवर, त्याच महिन्यात जा आणि पुन्हा यादी भर. पाच वर्षांच्या अशा याद्या जमल्या की मला दाखवायला आण. फोटो तोपर्यंत नाही दाखवलास तरी चालेल.