अडीचशे ग्रॅमचं पाकीट

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, शेतीतला तज्ज्ञ नव्हे. पण माझे काका लातूरजवळ सोयाबीन करतात आणि आपला यंदाचा निधी शेतकऱ्यांसाठी आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

हवेत ७८ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं. तो तयार करायला कारखान्यात भरपूर नैसर्गिक वायू खर्ची पडतो. हेच काम रायझोबियम जिवाणू गाजावाजा न करता करतात. कडधान्यं आणि सोयाबीनच्या मुळांवर ते गाठी करून राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. १८८८ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केलं.

हे जिवाणू पाकिटात मिळतात. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, कारण सोयाबीनची साल नाजूक असते. मग सावलीत सुकवून लगेच पेरायचं.

इतकं सोपं? काकांनाही तसंच वाटलं होतं. पहिल्या वर्षी मुळांवर गाठी जेमतेम, पीक पिवळं. शेवटी उधारीवर युरिया आणावा लागला. "हे सगळं थोतांड आहे रे," काका फोनवर म्हणाले. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पाकीट कित्येक दिवस तापलेल्या पत्र्याखाली पडून होतं आणि बुरशीनाशक नि जिवाणू एकत्रच कालवले होते. म्हणजे जिवाणू पेरणीआधीच मेले असणार!

तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवायच्या:

१. पाकिटावरची अंतिम तारीख बघा आणि ते थंड जागी ठेवा.
२. पाकीट त्या-त्या पिकाचंच हवं. सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही.
३. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू.
४. साधारण ४० दिवसांनी एक झाड मुळासकट खणून गाठ कापा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी असेल तर नाही.

यामुळे सगळी खतं बंद होतात असं मात्र नाही. स्फुरद, पालाश लागतंच. पण नत्राचा खर्च नक्की कमी होतो.

पुढच्या खरिपात काकांनी हे सगळं पाळलं. ऑगस्टमध्ये फोन आला, "अरे, गुलाबी आहे बघ!"

मंडळी, आपल्या देणगीतून पाकिटं वाटणं सोपं आहे. पण मेलेलं पाकीट वाटलं, तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो, आणि विश्वासही. म्हणून माझी विनंती आहे, की थोडे पैसे पाकीट थंड ठेवायला आणि ४० दिवसांनी शेतात जाऊन गाठ कापून बघणाऱ्या माणसासाठीही ठेवूया.