सर्दी-खोकल्याची मिश्र औषधे : पोत्यावरचे आकडे वाचता, तसे पाकिटावरचेही वाचा



गळीत हंगाम आणि सर्दी-खोकल्याचे दिवस बहुधा बरोबरच येतात. रात्रीची पाण्याची पाळी, फडातल्या पाचटाची धूळ, गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंतचे जागरण, या सगळ्यात घरटी एकजण तरी शिंकत-खोकत असतो. कामाच्या गर्दीत आजारपण काढायला कुणालाच सवड नसते. मग दुकानातून एक गोळी आणायची, चहाबरोबर गिळायची आणि कामाला लागायचे, असा प्रघात पडला आहे.

आम्ही शेतकी खात्यातली माणसे. लागणीची नोंद, बेणे, खते, कीड-रोग हा आमचा विषय; औषधोपचार हा डॉक्टरांचा. तरीही या विषयावर चार शब्द लिहीत आहोत, कारण गटात फिरताना या गोळ्यांची पाकिटे आम्हाला सभासदांच्या खिशात, ट्रॅक्टरवर आणि टोळीच्या कोप्यांवर रोज दिसतात. "यात काय आहे?" असे विचारले तर उत्तर ठरलेले, "सर्दीची गोळी हाय, साहेब." एवढ्या उत्तरावर आपल्यापैकी कुणी खताचे पोते तरी घेईल का?

१) मिश्र खत आणि मिश्र गोळी

१०:२६:२६ च्या ५० किलोच्या पोत्यात ५ किलो नत्र, १३ किलो स्फुरद आणि १३ किलो पालाश असते, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याच उसाला पुढे युरिया द्यायचा झाला तर मिश्रखतातले नत्र आपण आधी वजा करतो आणि उरलेले तेवढे युरियातून देतो. हिशेब न करता दोन्ही ओतले तर ऊस माजतो, लोळतो आणि साखर उतारा घटतो.

सर्दीची मिश्र गोळी ही याच जातीची. एका गोळीत तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र केलेली असतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेले असते ते कंपनीचे नाव. आतला माल काय तो बारीक अक्षरात. नावे वेगळी असली तरी आतले घटक बहुधा तेच असतात. साधारणपणे पुढील घटक आढळतात :

पॅरासिटामॉल – ताप आणि अंगदुखीसाठी.
क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन – शिंका, नाक गळणे, ॲलर्जी यांसाठी. पहिल्याने झोप फार येते, दुसऱ्याने कमी; पण काहींना त्यानेही येते.
फेनिलएफ्रिन – चोंदलेले नाक मोकळे व्हावे म्हणून.
डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन – कोरडा खोकला दाबण्यासाठी. कोडीनची सवय लागते.
ॲम्ब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन – कफ पातळ करून सुटण्यासाठी.
टर्ब्युटालिन – श्वासनळ्या मोकळ्या करण्यासाठी. याने काहींना छातीत धडधडते, हात थरथरतात.

आता पाहा, ज्याचे नुसते नाक गळते त्याला तापाचे औषध कशाला? ज्याचा कफ सुटायला हवा त्याचा खोकला दाबून कसे चालेल? काही बाटल्यांत कफ सोडवणारे आणि खोकला दाबणारे अशी दोन्ही औषधे एकत्र असत. म्हणजे एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा मागे. फेनिलएफ्रिनचे तर असे आहे, की पोटातून घेतल्यावर ते नाक मोकळे करीत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने काढला. आपल्याकडेही केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये १४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत सर्दी, खोकला, ताप यांवरची अनेक होती. तेव्हा जास्त औषधे एकत्र म्हणजे जास्त गुण, ही समजूत सोडून दिली पाहिजे.

२) बेरीज कुठे चुकते

सर्वांत जास्त धोका आहे तो पॅरासिटामॉलच्या बेरजेत. औषध मुळात चांगले आणि जुने. प्रमाणात घेतले तर सुरक्षित. पण धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत सगळे मिळून ४,००० मिलिग्रॅमच्या वर ते घेऊ नये, आणि दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे.

समजा, एखाद्याने सर्दीची मिश्र गोळी दिवसात तीनदा घेतली. तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे, म्हणजे १,५०० झाले. ताप वाटला म्हणून तापाची ६५० ची गोळी तीनदा घेतली, ते १,९५०. मोळ्या भरून कंबर धरली म्हणून अंगदुखीची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली. तिच्यातही ३२५ पॅरासिटामॉल असते, ते ६५०. एकूण बेरीज ४,१००. मर्यादा ओलांडली. त्या माणसाच्या मते मात्र त्याने तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर तीन वेगवेगळी औषधे घेतली आहेत!

ज्याचे वजन कमी आहे, यकृताचा आजार आहे किंवा जो नेहमी दारू घेतो, त्याची मर्यादा याहून बरीच खाली असते. अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. यातली फसगत अशी, की पहिल्या दिवशी फारसे काही कळत नाही. थोडी मळमळ होते, उलटी होते, तीही सर्दी-तापातच खपून जाते. दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे होतात, तोपर्यंत यकृताचे नुकसान झालेले असते. दवाखान्यात यावर उतारा मिळतो, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्या असे लक्षात आले, की त्रास होण्याची वाट पाहू नका. सगळी पाकिटे बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

३) झोपेची गोळी आणि रात्रीची खेप

दुसरा धोका आपल्या धंद्याशी थेट निगडित आहे. क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळीने झोप येते, नजर मंदावते, हात उशिरा हलतो. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळीही राहू शकतो. चहाने डोळे उघडतात. मंदपणा जात नाही. त्यात कुणी दारू घेतली असेल तर दोन्हींचा अंमल एकमेकांत मिसळून वाढतो.

आता भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. रात्रीचा दीडचा सुमार, अरुंद रस्ता, समोरून दुचाकीवर येणारे कुणाचे तरी लेकरू. त्या वेळी ड्रायव्हरचा डोळा क्षणभर लागला तर काय होईल, हे लिहून सांगण्याची गरज नाही. बैलगाडीवानाचेही तेच. बैल वाट ओळखतात, पण पुढून येणारी मोटार बैलांच्या हातात नसते. कडबाकुट्टी, मोटार-पंप, विहिरीचा काठ, कारखान्यातले फिरते यंत्र, या सगळ्यांनाच हा नियम लागू आहे.

ड्रायव्हर लोकांना हे कळत नाही असे नाही. अंगात कणकण असली तरी ते बोलत नाहीत, कारण खेप बुडेल, पैसे कापले जातील ही धास्ती. म्हणून वाहनमालक सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे. ड्रायव्हरने "मालक, गोळी घेतलीय" असे सांगितले तर त्याच्यावर चिडू नका, त्याची मजुरी कापू नका. त्या रात्री दुसरा माणूस द्या किंवा खेप सकाळी आणा. चुकलेली खेप दुसऱ्या दिवशी भरून निघते. गेलेला माणूस भरून निघत नाही.

४) कुणी विशेष जपावे

ब्लडप्रेशर किंवा हृदयविकार असलेल्यांनी फेनिलएफ्रिनसारखे घटक असलेल्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, दाब वाढू शकतो. वयस्कर पुरुषांना लघवीला अडथळा होत असेल तर क्लोरफेनिरामिनने लघवी पार तुंबू शकते. काचबिंदू असलेल्यांनाही ते वर्ज्य. मधुमेह असलेल्यांनी बाटलीबंद औषधातली साखर विचारात घ्यावी. ती साखर आपल्याच कारखान्याची का असेना! मनाच्या आजारावर गोळ्या चालू असलेल्यांनी डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी कोणतेच मिश्र औषध आपल्या मनाने घेऊ नये.

५) लहान मुलांच्या बाबतीत धोका पत्करू नका

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका मिश्र सिरपने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतल्या काहींवर नागपूरच्या दवाखान्यांत उपचार चालू होते. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते.

अशी भेसळ घरी पाहून ओळखता येत नाही. आपल्या हाती एकच उपाय आहे, गरज नसलेले औषध मुलाला द्यायचे नाही. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तसेच बजावले. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलावर छापण्याचा आदेश तर डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणे, थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजणे, हे प्रकार ताबडतोब बंद करावेत. डॉक्टरांनी औषध दिलेच तर ते बाटलीबरोबरच्या मापानेच द्यावे. घरातला चमचा लहान-मोठा असतो, त्याचा भरवसा नाही. टोळीबरोबर आलेली मुले कोप्यांवर आजारी पडतात. त्यांच्या बाबतीतही मुकादमांनी आणि आपण हेच पाळले पाहिजे.

६) सर्दीसारखे दिसते, पण सर्दी नसते

हा भाग आमच्या खात्याच्या जवळचा आहे, म्हणून नीट वाचावा. क्लोरपायरीफॉससारखे कीटकनाशक फवारल्यावर किंवा आळवणीनंतर नाक-डोळे गळू लागले, तोंडाला लाळ सुटली, घाम आला, छाती आवळली, उलट्या झाल्या, तर ती सर्दी नव्हे, विषबाधा समजावी. गोळी घेत बसू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा. १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते.

साठवलेल्या, बुरशी आलेल्या बगॅसमध्ये काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला आणि धाप लागत असेल तर तो फुप्फुसाचा वेगळा आजार असू शकतो. डॉक्टरांना आपले काम काय आहे ते आवर्जून सांगा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बाटल्या बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, क्षयाची औषधेही मोफत मिळतात.

७) मग करावे काय

साधी सर्दी विषाणूमुळे होते आणि सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, विश्रांती, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब यांनी आराम पडतो. एक वर्षावरील मुलांना खोकल्यासाठी मध चालतो. वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. वाफ घेताना मुलांपासून उकळते पाणी दूर ठेवावे.

औषध घ्यायचेच तर पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. ज्याचा त्रास त्याचेच औषध मागावे. नुसता ताप असेल तर नुसते पॅरासिटामॉल.
२. दुकानदाराला विचारावे, "यात काय काय आहे? झोप येते का?"
३. घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे त्याला दाखवावीत. एकच घटक दोन पाकिटांत असेल तर एक बंद करावे.
४. वेष्टणावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.
५. मुदत पाहावी, पक्के बिल घ्यावे, सुट्या गोळ्या घेऊ नयेत. कापलेल्या पट्टीवर नाव आणि मुदत राहत नाही.
६. नाकात मारायचा फवारा तीन-चार दिवसांहून जास्त वापरू नये, नाक उलट जास्त चोंदते.
७. डेंग्यूची साथ असताना तापावर पॅरासिटामॉलखेरीज वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.
८. धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, तीन दिवसांहून जास्त ताप, मूल दूध न पिणे किंवा त्याची लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही किंवा इंग्रजी लागत नाही, त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून घटकांची नावे वाचून घ्यावीत. गट ऑफिसात नोंदीसाठी येता तेव्हा पाकीट दाखवलेत तर आमचे कर्मचारीही नावे वाचून देतील. मात्र औषध कोणते घ्यावे, हे डॉक्टरच सांगतील.

एकरी उतारा वाढावा म्हणून आपण माती तपासतो, पोत्यावरचे आकडे तपासतो. तेवढीच चिकित्सा पोटात जाणाऱ्या गोळीची करावी, आणि हा लेख आपले ड्रायव्हर, गाडीवान, मुकादम यांनाही वाचून दाखवावा, ही शेतकी खात्याच्या वतीने सर्वांना विनंती.