मार्च १९३३ : एका महिन्याची दिनदर्शिका



गेल्या महिन्यात इतिहासाच्या तासाला आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता : हिटलर आणि रूझवेल्ट यांच्या सत्तेवर येण्यात किती वर्षांचे अंतर होते? कोणी पाच म्हणाले, कोणी दहा. खरे उत्तर आहे पाच आठवडे! हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चान्सलर झाला आणि रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. चूक मुलांची नाही. आम्ही हिंदी माध्यमातून इतिहास शिकलो, तिथेही जर्मनी एका प्रकरणात आणि अमेरिका दुसऱ्या प्रकरणात. दोन्हींच्या तारखा शेजारी ठेवून पाहायचे कोणी सुचवले नाही. म्हणून या वेळी देशांऐवजी एक महिनाच घेऊ या.

१९२९ पासून जगावर महामंदीचे सावट होते. जर्मनीत साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते, अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक. रूझवेल्ट यांनी शपथ घेतली तेव्हा लोकांनी घाबरून पैसे काढल्यामुळे बहुतेक राज्यांतील बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर बंधने होती. ६ मार्चपासून देशभरातील बँकांना सुट्टी देण्यात आली. ९ तारखेला नवा बँक कायदा एकाच दिवसात मंजूर झाला आणि रविवारी, १२ तारखेला रात्री रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक पैशाचे काय करते, ती बंद का करावी लागली, उद्यापासून कोणत्या बँका उघडतील, हे त्यांनी घरातल्या माणसाला सांगावे तसे सांगितले. सोमवारी बँका उघडल्या, तेव्हा लोक पैसे काढायला नव्हे, परत ठेवायला आले. मंदी मात्र त्याने संपली नाही. ती पुढे अनेक वर्षे चालली.

आता जर्मनी. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून नागरिकांची मूलभूत स्वातंत्र्ये स्थगित झाली. अशा वातावरणात ५ मार्चला निवडणूक झाली. एवढी दहशत असूनही नात्सी पक्षाला ४३.९ टक्केच मते पडली. साध्या बहुमतासाठीसुद्धा त्याला मित्रपक्षाचा हात धरावा लागला. ही गोष्ट आमच्या मते पाठ्यपुस्तकात ठळक छापायला हवी.

२२ मार्चला म्युनिकजवळ डाखाऊ येथे छळछावणी सुरू झाली. हे गुपित नव्हते, वर्तमानपत्रांत जाहीर झाले होते. २३ तारखेला संसदेपुढे एक कायदा आला : यापुढे मंत्रिमंडळाने संसदेला न विचारता कायदे करावेत. त्यासाठी दोन तृतीयांश मते हवी होती. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य निवडून आले होते, पण एकालाही आत येऊ दिले नाही. सभागृहात आणि बाहेर गणवेशातील नात्सी स्वयंसेवक उभे होते. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर विसंबून होकार दिला. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे १२० पैकी ९४ जणच येऊ शकले. बाकीच्यांपैकी काही अटकेत होते, काही परागंदा. त्यांचे नेते ओटो वेल्स यांनी उभे राहून विरोधात भाषण केले. मतदान झाले : बाजूने ४४४, विरोधात ९४. जुलैच्या मध्यापर्यंत इतर सर्व पक्ष संपले होते.

इथे एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग त्या चौऱ्याण्णव जणांनी मत देऊन उपयोग काय झाला?" आम्ही क्षणभर थांबलो. कायदा तर अडला नाही. वेल्स यांना देश सोडावा लागला, १९३९ मध्ये पॅरिसमध्ये ते वारले. एवढेच सांगता आले की त्या दिवशी सगळ्यांचा होकार होता असे म्हणायची सोय हिटलरला मिळाली नाही. मुलीचे समाधान झाले नाही, हे आम्हाला दिसले.

पूर्वेकडे ३ मार्चच्या पहाटे जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि सुनामी येऊन सुमारे तीन हजार माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. याच जपानने मांचुरियावरील आक्रमणाबद्दल ठपका आल्यामुळे २७ मार्चला राष्ट्रसंघातून बाहेर पडत असल्याचे कळवले.

आणि आपल्याकडे? गांधीजी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते आणि तिथूनच नव्या 'हरिजन' साप्ताहिकासाठी लिहीत होते. याच मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने भारताच्या राज्यघटनेविषयी श्वेतपत्रिका काढली. तिच्यातून पुढे १९३५ चा कायदा आला. आपले इंदूर तेव्हा होळकरांचे संस्थान. संस्थानांना सामावणारे संघराज्य त्या योजनेत होते, ते प्रत्यक्षात कधीच आले नाही.

पुढील अंकासाठी ऑक्टोबर १९२९ घ्या. ३ तारखेला जर्मनीचे परराष्ट्रमंत्री श्ट्रेझमान वारले, ३१ तारखेला व्हाइसरॉय आयर्विन यांनी भारताला वसाहतीच्या स्वराज्याचे आश्वासन देणारी घोषणा केली. मधले दिवस तुम्ही भरा. उत्तरे एका फुलस्केप कागदावर, तारीखवार लिहून, ग्रंथालयात जमा करावीत. पालकांनी मदत केली तर आमची हरकत नाही.