फितरा : माणशी एक माप

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला आमचे सर कररचना शिकवीत होते. ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्यावर कराचा भार अधिक असावा, हे तत्त्व समजावून देताना त्यांनी डोईपट्टीचे उदाहरण घेतले. डोईपट्टी म्हणजे माणशी सारखा कर. श्रीमंताला तो जाणवतही नाही आणि गरिबाचे मात्र कंबरडे मोडते. म्हणून तो अन्यायाचा, असे सर म्हणाले. मी भीत भीत उभी राहिले आणि विचारले, "सर, आमच्यात रमजानच्या शेवटी फितरा देतात. तोही माणशी सारखाच असतो. मग तोही अन्यायाचाच म्हणायचा का?" सर क्षणभर थांबले व म्हणाले, "फितऱ्याची मला नीट माहिती नाही. तूच अभ्यास कर आणि आपल्या वार्षिकात लिही." प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नातून झाला आहे.

मी कोकणातल्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावची. बाबा मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहेत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. फितरा मी समजू लागल्यापासून पाहत आले आहे. परंतु पाहणे निराळे आणि समजणे निराळे, हे हा लेख लिहिताना कळले.

फितरा आणि जकात

पुष्कळांचा, अगदी आमच्यातल्याही काहींचा, फितरा आणि जकात यांत घोटाळा होतो. जकात ही संपत्तीवर असते. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी ही तिची किमान मर्यादा आपल्याकडे धरतात. तेवढी संपत्ती वर्षभर हाताशी राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, द्यावा लागतो. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यावर जकात नाही.

फितरा संपत्तीवर नसून माणसावर असतो. 'फित्र' म्हणजे उपवास सोडणे. 'इफ्तार' हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे आणि 'ईद-उल-फित्र' या नावातही तोच आहे. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास, रमजानचे रोजे बंधनकारक झाले. त्याच वर्षी हे दानही ठरवून देण्यात आले. हदीसमध्ये त्याचे दोन हेतू सांगितले आहेत. रोजात बोलण्यावागण्यात जे उणेअधिक घडले असेल त्याची शुद्धी व्हावी, हा पहिला. आणि गरिबाला अन्न मिळावे, हा दुसरा.

ते कोणाकोणाच्या नावाने द्यायचे? पुरुष, स्त्री, लहान, मोठा, स्वतंत्र माणूस आणि त्या काळी गुलाम असलेला माणूससुद्धा. गुलामाचा फितरा मालकाने भरायचा, मुलांचा बापाने. रोजे न धरणारे तान्हे मूलही यातून सुटत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारी ईदच्या आदल्या दिवशी दुपारी मुलगी जन्मली. संध्याकाळी चंद्र दिसला, आणि त्या घरी सर्वांबरोबर तिच्याही नावाचे तांदूळ मोजले गेले. बारशाआधीच तिची माणसांत गणती झाली.

माप किती?

मूळ माप 'साअ' हे आहे. एक साअ म्हणजे चार 'मुद', आणि एक मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या पुरुषाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. अरबस्तानात खजूर किंवा सातू याच मापाने देत. हे वजन नसून माप असल्यामुळे त्याचे किलो करताना मतभेद होतात. मी घरी एक प्रयोग केला. बाबांना चार ओंजळी तांदूळ परातीत घालायला सांगितले आणि ते दुकानात नेऊन तोलले. सव्वादोन किलोंच्या थोडे वर भरले. माझ्या चार ओंजळी दीड किलोच्या आतच राहिल्या! साधारणपणे तांदळाच्या साअचे वजन अडीच ते तीन किलो धरले जाते. कमी पडण्यापेक्षा थोडे जास्त गेलेले बरे, असा त्यात विचार असतो.

गव्हाच्या मापाचा वाद तर फार जुना आहे. मुआविया यांच्या काळात सीरियाचा गहू मदिनेत येऊ लागला. तो महाग होता. तेव्हा दोन मुद गहू हे एक साअ खजुराच्या बरोबरीचे मानावेत, असे मुआवियांनी सुचविले आणि ते लोकांनी स्वीकारले. परंतु प्रेषितांचे सहकारी अबू सईद खुदरी यांनी ते मानले नाही. आपण पूर्वीपासून पूर्ण साअ देत आलो, तसेच देत राहू, असे त्यांनी सांगितले. एकाने किमतीकडे पाहिले, दुसऱ्याने मापाकडे. हाच फरक पुढे दोन परंपरांत टिकून राहिला.

महाराष्ट्रात घाटावरचे बहुसंख्य मुसलमान हनफी परंपरेचे आहेत. त्यांच्यात अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत रोख दिलेली चालते. हा अर्धा साअ कोठे पावणेदोन किलोंच्या आसपास, तर कोठे दोन किलोंहून थोडा अधिक धरतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. समुद्रमार्गे आलेल्या अरबांशी आमच्या किनाऱ्याचा जो जुना संबंध आहे, त्याची ही खूण होय. शाफई मताप्रमाणे त्या मुलखात लोक जे धान्य पोटभर खातात, तेच पूर्ण एक साअ द्यायचे. म्हणून कोकणात तांदूळ. इंडोनेशियातही शाफई परंपराच आहे आणि तेथेही माणशी अडीच किलो तांदळाचा प्रघात आहे.

कोणी द्यायचा, आणि केव्हा?

येथे सरांच्या प्रश्नाचा गाभा येतो. हनफी मताप्रमाणे गरजेपलीकडे ठरावीक मर्यादेइतकी मालमत्ता असणाऱ्यावरच फितरा वाजिब आहे. गरीब त्यातून मोकळा. शिवाय गहू, सातू, खजूर आणि मनुका या चारही वस्तूंचे दर ईदपूर्वी जाहीर केले जातात. मनुकांचा फितरा गव्हाच्या कित्येक पट होतो. ज्यांना परवडते त्यांनी गव्हाच्या दरावर न थांबता वरचा दर धरावा, असे मौलाना लोक सांगतात.

शाफई मत याहून वेगळे आहे. ईदची रात्र आणि ईदचा दिवस स्वतःला व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांना पुरेल एवढे भागवून ज्याच्यापाशी थोडेफार उरते, त्या प्रत्येकावर फितरा फर्ज आहे. म्हणजे ज्याला आपण गरीब म्हणतो तोही बहुधा यात येतो. वरवर पाहता ही डोईपट्टीच. याविषयी मी पुढे लिहिणार आहे.

वेळेचे बंधन दोन्हीकडे आहे. फितरा ईदच्या नमाजापूर्वी पोचला पाहिजे. नमाजानंतर दिला तर त्याला इतर दानासारखेच साधे दान समजावे, असे हदीसमध्ये आले आहे. बकरी ईदचा नमाज लवकर पढावा आणि रमजान ईदचा थोडा उशिरा, असे धर्मशास्त्रज्ञ सांगतात. बकरी ईदला कुर्बानीसाठी वेळ हवा असतो, तर रमजान ईदला फितरा वाटण्यासाठी. एका गावच्या नमाजाची वेळ गरिबाच्या चुलीकडे पाहून ठरावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ईदगाहच्या दारात हात पसरून बसलेल्यांच्या हातावर जाता जाता नाणी टाकणारे आपण पाहतो. परंतु त्या दिवशी कोणाला हात पसरायला यावेच लागू नये, हा तर फितऱ्याचा उद्देश आहे.

घेणारा कोण असावा, यावरही मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते मुस्लिमेतर गरिबालाही फितरा देता येतो. शाफई मत तसे नाही. आपले आईबाप किंवा मुले यांना मात्र तो देता येत नाही. त्यांना पोसणे हे आपले कर्तव्यच आहे.

आमच्या घरची गोष्ट

आता जे लिहिते आहे ते कोठल्या पुस्तकातले नाही. मी आठवीत होते. जाळे ओढताना बाबांचा हात दोरात सापडला आणि ते चार महिने घरी बसले. त्या रमजानात अठ्ठाविसाव्या रोजाच्या रात्री कोणीतरी आमच्या पडवीत तांदळाची पिशवी ठेवून गेले. तोपर्यंत आम्ही देणारे होतो. त्या रात्री आम्ही घेणारे झालो. मला रडू कोसळले. शाळेतल्या मैत्रिणींना कळले तर काय, एवढेच माझ्या मनात येत होते.

दुसऱ्या दिवशी आईने त्याच पिशवीतून तांदूळ मोजायला घेतले. आजी, बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ अशी पाच मापे. गावाच्या टोकाला एकटी राहणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचीकडे ते नेऊन दे, असे तिने मला सांगितले. मी चिडून म्हटले, "आपणच घेणारे. आपण कसले द्यायचे?" आई म्हणाली, "ईदपुरतं घरात आहे ना? मग आपणही देणारेच."

मी गेले. चाचीने तांदूळ घेतले, दुवा दिली आणि म्हणाली, "थांब, माझंही एक माप घेऊन जा." तिने डब्यातून आपल्या एकटीचे माप काढले आणि वाटेवरच्या एका घरी द्यायला सांगितले. त्या घरात सात माणसे होती आणि मिळवता एकच. मी परत येताना रिकाम्या हाताने आले. पण आदल्या रात्रीची शरम मात्र पुष्कळ कमी झाली होती. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. शाफई धर्मशास्त्राचा नियम तिने कधी वाचला नव्हता. तो मी या वर्षी वाचला, आणि आईचे ते वाक्य म्हणजे तो नियमच होता, हे पाहून थक्क झाले.

उत्तर

तेव्हा सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. डोईपट्टी सर्वांकडून निघून सरकारच्या तिजोरीत जाते. फितरा एका घरातून निघतो आणि दुसऱ्या घराच्या चुलीवर शिजतो. श्रीमंत माणूस चार मापे देतो आणि त्याच्या दारी काही येत नाही. गरिबाच्या घरातून पाच मापे जातात, तर त्याहून अधिक येतात. हिशेबाने पाहिले तर गरीब तोट्यात जात नाही; आणि तरीही 'देणारा' या नावाला तो मुकत नाही. संपत्तीतली विषमता कमी करण्याचे काम जकातीचे आहे. फितऱ्याचे काम वेगळे. भूक तोंडे मोजून लागते, म्हणून फितराही तोंडे मोजून निघतो.

अर्थात फितऱ्याने दारिद्र्य जाते, असे माझे म्हणणे नाही. अडीच किलो तांदूळ किती दिवस पुरणार? ज्या घरी फितरा येतो, त्या घरी पुढच्या वर्षीही तो येत असेल, तर गावाने विचार केला पाहिजे. परंतु निदान एका दिवशी तरी गावात कोणी निव्वळ घेणारा म्हणून उरू नये, अशी ही योजना आहे.

या वर्षी मी शिकवण्या घेऊन थोडे पैसे मिळविले. आपली मिळकत असली की आपला फितरा आपणच द्यायचा असतो. म्हणून ईदच्या आदल्या दिवशी आईने चार मापे काढली आणि परात माझ्यापुढे सरकवली. पाचवे माप मी माझ्या पैशांच्या तांदळातून मोजले. माझी ओंजळ लहान आहे, हे तोलून पाहिलेले होते. म्हणून सहा ओंजळी घातल्या.