मागचे स्पीकर मुके का?

गेल्या टर्मची गोष्ट. शनिवारची रात्र, कॉमन रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. प्लेअरमध्ये डीव्हीडी घातली, टीव्हीवर चित्र झकास आलं, पण आवाज फक्त समोरच्या दोन स्पीकरमधून! मागचे दोन आणि मधला अगदी चिडीचूप. लगेच एकाने निकाल दिला, "उडाले रे स्पीकर! नवीन सेट घेऊ." दुसऱ्याने डोई शंभर रुपये वर्गणी गोळा करायला सुरुवातही केली.

आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. निकालाआधी टेस्टिंग नको का?

पहिली टेस्ट सोपी. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये 'टेस्ट टोन' असतो. तो चालू केला की रिसीव्हर स्वतःच एकेका स्पीकरमधून 'खर्रर्र' असा आवाज काढतो. आमचे पाचही स्पीकर आणि सबवूफर खणखणीत बोलले. म्हणजे दोष स्पीकरमध्ये नव्हता, तर प्लेअर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये कुठेतरी होता.

आता थोडी थिअरी. ५.१ म्हणजे समोर डावा, मधला, उजवा, मागे दोन असे पाच चॅनेल, आणि '.१' म्हणजे सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या घुमणाऱ्या आवाजाचा वेगळा चॅनेल. एकूण सहा. हे सहा चॅनेल कॉम्प्रेस न करता पाठवायचे तर ६ × ४८,००० × १६ = ४६,०८,००० बिट दर सेकंदाला लागतील. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल हेच जास्तीत जास्त ४४८ किलोबिटमध्ये बसवतं, म्हणजे जवळजवळ एक दशांशात. थोडक्यात, डिस्कवर आवाजाचं बांधलेलं गाठोडं असतं. ते सोडणारा तो डीकोडर. म्हणून जोडणी करताना प्रश्न एकच विचारायचा: गाठोडं कोण सोडणार, प्लेअर की रिसीव्हर? वायर त्यावरून ठरते.

१) लाल-पांढरी जोडी : गाठोडं प्लेअर सोडतो आणि सहाचे दोन चॅनेल करून पाठवतो. रिसीव्हरमध्ये 'प्रो लॉजिक' असेल तर तो दोनावरून मागचा आवाज अंदाजाने तयार करतो, पण तो अंदाजच.

२) सहा वायरी : काही ५.१ स्पीकर सेटमध्ये डीकोडर नसतो, मागे फक्त सहा भोकं असतात. तिथे प्लेअरलाही ५.१ चे सहा आउटपुट हवेत. नसतील तर दोनच चॅनेल मिळणार.

३) एक डिजिटल वायर : कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकल. गाठोडं न सोडता रिसीव्हरकडे जातं. ही वायर साध्या पीसीएमचे दोनच चॅनेल नेते, पण कॉम्प्रेस केलेले सहाही नेते.

४) एचडीएमआय : दोन्ही पद्धती चालतात. ब्लू-रेवरचे ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मूळ दर्जात रिसीव्हरकडे न्यायचे तर हीच वायर हवी.

आमचा रिसीव्हर जुना, एचडीएमआय नसलेला. प्लेअरमधून टीव्हीला एचडीएमआय आणि रिसीव्हरला लाल-पांढरी जोडी, असा कारभार होता. म्हणजे सहा चॅनेल दोन वायरींत! कोअॅक्सिअल केबल आणायला कोण जाणार एवढ्या रात्री? पण ती असते ७५ ओहमची, आणि व्हिडिओची पिवळी वायरही ७५ ओहमचीच. टीव्ही एचडीएमआयवर असल्याने पिवळी तशीच लोंबकळत होती. मेन स्विच बंद करून तीच दोन्हीकडच्या 'कोअॅक्सिअल' भोकांत लावली, रिसीव्हरवर तो इनपुट निवडला.

तरी मागचे गप्पच! वर्गणीवाले पुन्हा खूश. मग प्लेअरचा सेटअप उघडला. 'डिजिटल आउट' समोर 'पीसीएम' होतं, म्हणजे प्लेअर अजून गाठोडं सोडून दोनच चॅनेल पाठवत होता. तिथे 'बिटस्ट्रीम' केलं (काही प्लेअरवर याला 'रॉ' म्हणतात), डिस्कच्या मेनूत ५.१ चा ट्रॅक निवडला. रिसीव्हरवर 'डॉल्बी डिजिटल' अक्षरं उमटली आणि पाठीमागून असा पाऊस सुरू झाला की दोघांनी खिडकीकडे पाहिलं!

जाता जाता तीन सूचना. स्पीकरच्या वायरींचे पीळ एकमेकांना टेकू देऊ नका, शॉर्ट झालं तर अॅम्प्लिफायर खरंच उडेल. प्लस-मायनस सगळीकडे सारखं ठेवा, एक जरी उलटा झाला तर बेस आवाज एकमेकांना मारतो. आणि रिसीव्हरमध्ये स्पीकरचं अंतर भरा. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. समोरचा ५ मीटरवर आणि मागचा २ मीटरवर असेल तर मागचा आवाज ९ मिलिसेकंद आधी पोचतो. अंतर भरलं की रिसीव्हर तेवढा थांबतो. एवढं करूनही मागे शांतता असेल तर डिस्कचं कव्हर वाचा, जुन्या पिक्चरचा आवाज मुळात मोनो किंवा स्टिरिओही असू शकतो.

दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला शंभर रुपये परत मिळाले. खर्च शून्य. प्रॅक्टिकलमध्ये सर सांगतात ना, सिग्नल एकेका टप्प्यावर तपासा? कॉमन रूममध्येही तेच करायचं. पार्ट बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.