गोचीडतापाचे मूळ गोठ्यात

जनावरांच्या अंगावरील गोचीड काढले म्हणजे काम संपले, असा पुष्कळ गोपालकांचा समज असतो. तो बरोबर नाही. गोचीडताप पसरविणाऱ्या गोचिडाचा बराचसा काळ गोठ्यातच जातो. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते व तेथे हजारो अंडी घालून मरते. अंड्यांतून निघालेली पिले जनावरांवर चढतात. आजारी जनावराच्या रक्ताबरोबर रोगजंतू पिलाच्या पोटात जातात. पुढे ते भेगेत कात टाकते आणि नंतर दुसऱ्या जनावरास चावून त्यास रोग देते.

या रोगात तीव्र ताप येतो, खांद्यापुढील गाठी सुजतात व रक्त कमी होते. संकरित गाईवासरांना धोका अधिक असतो. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. विलंबाने जनावर दगावते.

गोठ्यातील भेगा व गव्हाणीच्या फटी बुजवून चुना द्यावा. काढलेले गोचीड बोटांनी चिरडू नयेत, जमिनीवरही टाकू नयेत; रॉकेलमध्ये बुडवावेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावरांवर व गोठ्यात एकाच वेळी औषध फवारावे. केवळ जनावर स्वच्छ करून गोठा तसाच ठेवल्यास श्रम व्यर्थ जातात.