दोन नोंदवह्या



'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्तसभेतील एका तक्रारीची हकिकत आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतील विधवांकडे दुर्लक्ष होत होते. त्या उपाशी राहाव्यात असे कोणाच्या मनात नसावे. व्यवस्था अपुरी पडली होती. प्रेषितांनी त्यांना धीर धरण्याचा उपदेश करून परत पाठवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि ते काम त्यांच्याकडे सोपवले. संत स्तेफन हा त्या सातांतला पहिला. आपण त्याला रक्तसाक्षी म्हणून ओळखतो, पण त्याची नेमणूक झाली ती वाटप नीट व्हावे म्हणून.

आज निराधारांना दरमहा मदत देण्याचे काम मुख्यतः सरकार करते. ती मदत पोहोचते ती कागदावरून. आणि आपल्या धर्मग्रामात कागदाच्या बाबतीत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. चर्चमध्ये नोंद झाली म्हणजे नोंद झाली, असे आपण धरून चालतो.

आमच्या समाजसेवा समितीकडे आलेली एक भगिनी आठवते. पती घरीच वारला. दफनविधी झाला, महिन्याची मिस्सा झाली, वर्षाची मिस्सा झाली. चर्चच्या मृत्यूच्या नोंदवहीत नाव व्यवस्थित चढले होते आणि त्याचा दाखला तिने कपाटात जपून ठेवला होता. तिसऱ्या वर्षी कोणीतरी तिला संजय गांधी निराधार योजनेबद्दल सांगितले. तो दाखला घेऊन ती अर्ज करायला गेली, तेव्हा कळले की सरकारी दप्तरी तिचा नवरा अजून जिवंत आहे. भर म्हणून रेशनकार्डावर तो 'जुजे' होता आणि आधारकार्डावर 'जोसेफ'. पुढचे कित्येक महिने तिचे हेलपाट्यांत गेले. मदत आज महिन्याला १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८ हजार. मागची गेलेली वर्षे काही भरून मिळाली नाहीत. इथे चूक आमचीही आहे. दफनाचा दाखला हातात देताना आमच्यापैकी कोणीही तिला म्हटले नव्हते, की बाई, हा एक झाला, दुसराही काढून घे.

म्हणून आधी या दोन नोंदवह्यांतला फरक समजून घेऊ. स्नानसंस्कार आणि विवाह यांच्या नोंदी धर्मगुरूंनी ठेवाव्यात हा नियम ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली सर्व ख्रिस्तसभेला घालून दिला. त्यामुळे आपल्या चर्चच्या कपाटात पणजोबांपर्यंतची नावे सापडतात. पण जन्म आणि मृत्यू यांची कायदेशीर नोंद होते ती जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली, ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या निबंधकाकडे. चर्चचा दाखला पुरावा म्हणून कामी येतो, विशेषतः जुन्या, घरी जन्मलेल्या माणसांच्या बाबतीत. पण तो सरकारी दाखल्याची जागा घेत नाही.

मुदत २१ दिवसांची आहे. तेवढ्यात कळवले तर काही शुल्क नाही आणि दाखल्याची पहिली प्रतही मोफत मिळते. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून काम होते. तीस दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची परवानगी लागते. वर्ष उलटले की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले दंडाधिकारी यांचा आदेश आणावा लागतो आणि महाराष्ट्रात २०२५ पासून त्यासाठीची चौकशी फार काटेकोर झाली आहे. आपल्याकडे माणूस गेला की महिनाभर घर भरलेले असते, त्यामुळे २१ दिवस कसे जातात ते कळतही नाही. घरातल्या एखाद्या पुतण्याने किंवा जावयाने हे काम अंगावर घ्यावे.

आणखी एक गोष्ट. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावी नव्हे. वसईचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात वारला तर नोंद मुंबईत. रुग्णालयातून ती पाठवली जाते, तरी दाखला आपणच मागून आणायचा असतो. दफन गावी झाले म्हणून गावच्या कार्यालयात शोधत बसणारे आम्ही पाहिले आहेत.

जन्माचेही तसेच. स्नानसंस्कारापर्यंत बाळाचे नाव ठरत नाही, ही आपली जुनी रीत. म्हणून बाळाची नोंद नावाशिवाय होते आणि पुढे तशीच राहून जाते. नाव एका वर्षाच्या आत विनाशुल्क चढवता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. स्नानसंस्काराच्या दुसऱ्या दिवशीच हे काम उरकावे हे बरे, कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे.

नावांचा घोळ मात्र आपला खास. घरी अंतोन, शाळेत अँथनी. एका भावाचे परेरा, दुसऱ्याचे पेरेरा. कारकुनाला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण दर वेळी वेगळे नाव सांगणारे आपणच असतो. घरात एकदा बसून प्रत्येकाचे एक नाव ठरवावे, मराठीत आणि इंग्रजीत, आणि ते सगळीकडे अक्षरशः तेच द्यावे. नोंदणीतली चूक १९६९ च्याच कायद्यानुसार निबंधक पुराव्यावरून दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. नावच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करावे लागते.

एका गोष्टीची मात्र उगाच काळजी करू नये. जुन्या कागदावर 'जिल्हा ठाणे' आहे म्हणून काहीजण घाबरून येतात. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीच्या कागदावर ठाणेच असणार. तसेच वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली ३ जुलै २००९ ला. त्याआधीची नोंद ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची असेल, आणि गाव महानगरपालिकेत गेले असेल तर जुन्या नोंदीची चौकशी तिच्याच कार्यालयात करावी.

आता ज्यासाठी हे सारे, ती मदत. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून आहे. ती ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, परित्यक्ता, अनाथ, दिव्यांग आणि कॅन्सर, क्षयरोग यांसारख्या आजारांनी काम करू न शकणाऱ्यांसाठी आहे. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. दोन्हींत २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. दिव्यांगांची रक्कम २०२५ साली २५०० झाली. अर्जदार निदान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे, दिव्यांगांना ही मर्यादा ५० हजार. वर्षाला २१ हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. एवढ्यात कोणाचे घर चालते ते सरकारच जाणे! पण या अटीमुळे कोणी खोटा दाखला काढू नये आणि खरोखरच गरीब असलेल्यांनी लाजून मागे राहू नये. हे सरकारच्या तिजोरीतून येते, त्या तिजोरीत साखर घेताना आपण सगळेच भर घालतो.

कमावते माणूस १८ ते ५९ या वयात गेले आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपये एकदाच मिळतात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. इथेही पहिला कागद मृत्यूचा सरकारी दाखलाच.

अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात द्यावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्यांकडे जावे लागेल. (२०२४ साली त्यांचे पद 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, पण आपण अजून तलाठीच म्हणतो.) मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की रक्कम थांबते आणि वृद्धांना वाटते योजनाच बंद झाली. शेजारच्या घरात असे कोणी एकटे असेल तर त्यांना रिक्षात घालून बँकेत आणि तहसीलमध्ये नेऊन आणावे.

पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊन येऊ नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा आपला हक्क आहे, जन्म-मृत्यूचे दाखले त्यात येतात. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार? लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा गेली. आपल्या भगिनीच्या हातात निदान तारखेचा शिक्का असलेला कागद तरी असू द्या. एजंटाला पैसे देण्याआधी आमच्याकडे यावे.

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही सभागृहात बसतो. आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि असेल तो जन्म किंवा मृत्यूचा दाखला, यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत. चर्चच्या नोंदवहीतला उतारा हवा असल्यास कार्यालयात दोन दिवस आधी सांगावे आणि अंदाजे वर्ष माहीत करून यावे. नुसते 'मोठ्या वादळाच्या साली जन्म' एवढ्यावर चार वह्या चाळाव्या लागतात.